काउंटर तोडला त्या वर्षी

टेपरेकॉर्डर घ्यायचं ठरलं तेव्हा मी बी.कॉम. होऊन अंबरपेठेतल्या घरी बसले होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, मला सोबत घेऊन कोठीजवळच्या एका दुकानात गेले. तेव्हाची ती दुकानं म्हणजे छातीएवढा उंच लाकडी काउंटर, त्याच्या मागे कुलपात बंद काचेची कपाटं आणि कपाटांपुढे किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेले सेठ. वस्तू लांबूनच बघायची. काउंटरवर ठळक पाटी होती, हात लावू नका. उर्दू, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत.

सेठनी टेपरेकॉर्डर काढून समोर ठेवला आणि आप्पांनी खुशाल त्याचं एकेक बटण दाबायला सुरुवात केली.

"साब, बोर्ड नै पढ़े क्या?" सेठनी विचारलं.

"पढ़ा ना," आप्पा शांतपणे म्हणाले. "चार ज़बानां में है. मराठी में नै है. मैं समझा मराठी लोगां को इजाज़त है."

सेठ इतके हसले, की जुडगा हातातून खाली पडला. त्यांनी चहा मागवला. चहा पिता पिता विचारपूस झाली. मुलगी काय करते, इंग्रजी लिहिता येतं का, तेलुगू येतं का. कंपन्यांना पत्रं लिहायला त्यांना कुणीतरी हवंच होतं, शिवाय दुकानात येणाऱ्या बायका त्यांच्याशी बोलत नसत, नवऱ्याच्या कानात सांगत आणि नवरा पुढे सांगे. सोमवारपासून ये म्हणाले.

आम्ही घरी आलो ते टेपरेकॉर्डर आणि माझी नोकरी घेऊनच. आई म्हणाली, "आणायला काय गेलात आणि देऊन काय आलात!"

दोनेक वर्षं त्या काउंटरमागे मजेत गेली. वर्तमानपत्रात रोज खुल्या बाजाराबद्दल लिहून येत होतं. आमच्या दुकानात तो बाजार पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आला. रंगीत टीव्हीचे सहा-सहा प्रकार, मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं. कपाटं पुरेनात. मग एके दिवशी एका कंपनीचा प्रतिनिधी आला. गळ्यात टाय, कोठीच्या उन्हातसुद्धा. सगळीकडे नजर फिरवून म्हणाला, "हा काउंटर काढा. काचेचं दार लावा, एसी बसवा. माल उघड्यावर मांडा. गिऱ्हाइकाला हात लावू द्या."

सेठचा चेहरा असा झाला जणू घराला आग लावा म्हणून कुणी सांगितलंय. "हात लगाए तो माल पुराना हो जाता, मियाँ!"

पण समोरच्या रस्त्यावर तसंच एक चकचकीत शोरूम उघडलं आणि सेठनी सुतार बोलावला. काउंटर तुटत होता तेव्हा ते बाहेर जाऊन उभे राहिले. वडिलांच्या वेळचा काउंटर होता तो. पाटीसुद्धा त्याच्याबरोबरच गेली. पुढचे काही दिवस त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. टेकायला लाकूड नव्हतं. कधी पाठीमागे बांधत, कधी टीव्हीवर ठेवत आणि पटकन उचलून घेत.

एवढं करून गिऱ्हाईक आलंच नाही! लोक काचेच्या दाराशी येत, आत डोकावत, एसीचा गार झोत अंगावर आला की मागे सरकत. जे दोघे-चौघे येत, ते चपला बाहेर काढून. टायवाल्याने मला इंग्रजी वाक्यं पाठ करायला दिली होती. कुणी आत आलं की लगेच पुढे होऊन, मी आपली काय मदत करू शकते, असं हसून विचारायचं. मी विचारलं की माणूस चोरी पकडल्यासारखा दचके. "नाही नाही, नुसतं बघत होतो," म्हणे आणि चपला शोधू लागे. अंबरपेठेतल्या आमच्या शेजारीणबाई तर स्पष्टच म्हणाल्या, "अगं, पोलीस ठाण्यात गेल्यासारखं वाटतं. मी नाही बाई परत येणार."

दुसऱ्या दिवशी मी ती वाक्यं बंद केली. दाराजवळ चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवला. आलेल्याला म्हणायचं, बसा, बाहेर ऊन आहे. बस्स. सेठना हे पटलं. "हौ," म्हणाले, "मेहमान को पहले पानी, बाद में बात."

त्यातल्या एका खुर्चीवर एक दिवस एक बाई येऊन बसल्या. जामबागेतल्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त व्हायला आलेल्या. साठीकडे झुकलेल्या, ताठ कण्याच्या. पाणी प्यायल्या आणि उठून थेट कपडे धुण्याच्या यंत्रापाशी गेल्या.

"हे खरंच धुतं का गं?"

मी माहितीपत्रक पुढे केलं. त्यांनी ते न बघताच बाजूला ठेवलं आणि पिशवीतून एक दुहेरी चादर काढली. "ही धुऊन दाखव. मग बोलू."

मी सेठकडे पाहिलं. शोरूममध्ये नळच नव्हता. यंत्र आम्ही आजवर नुसतं कोरडं फिरवून दाखवत होतो. पण बाईंच्या आवाजात असं काही होतं की सेठ विद्यार्थ्यासारखे उठले, शेजारच्या इराणी हॉटेलात गेले आणि दोन्ही हातांत बादल्या घेऊन आले. चार खेपा झाल्या. मी साबणाची पूड टाकली, चादर घातली, चावी फिरवली. बाई घड्याळ बघत उभ्या.

धुण्याचं निभावलं. मग चादर पिळायच्या लहान टबात घातली आणि घाईत मी कपड्यांवर दाबून बसवायची प्लॅस्टिकची चकती विसरले. यंत्र सुरू झालं ते थरथरलं, मग नाचायला लागलं, आणि मग चक्क चालत सुटलं! सांडपाण्याची नळी बादलीतून निसटली, फेसाचं पाणी नव्या फरशीवर पसरलं आणि यंत्र टीव्हींच्या रांगेकडे निघालं.

"रोको, रोको!" सेठ ओरडले आणि दुसरं काही न सुचून त्यावर चढून बसले. तेही थरथरायला लागले. त्यांची टोपी डोळ्यांवर आली. बाईंनी मात्र पुढे होऊन वात्रट पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा यंत्रावर हात ठेवला. तेवढ्यात मी बटण बंद केलं.

बाहेर तोवर पंचवीस-तीस माणसं काचेला नाक लावून उभी होती. कुणीतरी दार उघडलं आणि हसत हसत सगळी आत आली, फरशीवर पाणी असल्यामुळे चपला घालूनच. हॉटेलवालाही आला. एकाने नळी धरली, दुसऱ्याने यंत्र जागेवर ढकललं. मी चकती बसवली आणि या वेळी यंत्र शहाण्यासारखं फिरलं.

बाईंनी चादर उलगडून उजेडात धरली.

"हळदीचा डाग तसाच आहे," त्या म्हणाल्या.

सेठ मला खुणावत होते, काहीतरी बोल. मी म्हटलं, "बाई, हळदीचा डाग मशीनने जात नाही. उन्हात वाळवली की जाईल."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरोबर. खोटं बोलली असतीस तर निघून गेले असते. पाठवून दे घरी. आणि ती चकती दोनदा समजावून सांग, मला विसरायला होतं."

त्यांच्या मागोमाग त्याच गर्दीतल्या विद्यानगरच्या एका तेलुगू जोडप्याने यंत्र घेतलं. आणि रविवारपासून बायका घरचे कपडे पिशवीत घालून येऊ लागल्या. कुणी मुलाचा चिखलाचा गणवेश आणे, कुणी मुद्दाम तेल सांडलेलं फडकं. मिक्सरसाठी शेंगदाणे आणि मिरच्या घेऊन येत. वाटलेली चटणी सगळ्यांना वाटली जाई. मी मराठीत सांगे, सेठ दखनीत आणि कुणीतरी गिऱ्हाईकच उरलेल्यांना तेलुगूत. सेठना आता हातांची चिंता नव्हती. त्यांचे हात सतत ओले असत.

अशाच एका रविवारी टायवाला न सांगता आला. एसीच्या पुढ्यात दोन परकर वाळत होते. तो दारातच थबकला. मला वाटलं, आता कंपनीची एजन्सी गेली. एका आजीबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि तळहातावर चटणी ठेवली. त्याने ती खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, टाय सैल केला. तासभर बसून बघत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याने कंपनीच्या खर्चाने प्लंबर पाठवला. शोरूमच्या मधोमध नळ आला आणि त्याच्याखाली सांडपाण्याची मोरी.

तिथे मी अकरा वर्षं काढली. पुढे टायवाल्याच्या कंपनीत नव्या विक्रेत्यांना शिकवायला गेले. सेठ गुडघ्यांनी थकले, जागा साडीवाल्याला दिली आणि त्या दुकानात रोज जाऊन खुर्चीत बसत. बायकांना साड्यांचा रंग जाईल की राहील हे न विचारता सांगत.

परवा लेकीबरोबर मॉलमधल्या मोठ्या दुकानात गेले होते. सगळं उघडं, सगळं झगमगतं, विक्रेते एकसारखे टी-शर्ट घालून फोनमध्ये बघणारे. पुण्याहून नव्याने आलेलं एक तरुण जोडपं यंत्रांच्या रांगेपुढे गोंधळून उभं होतं. समोरून भरायचं घ्यावं की वरून, यावर दबक्या आवाजात वाद चालला होता. माझ्याने राहवलं नाही.

"तुमच्याकडे पाणी रोज येतं का?" मी विचारलं. "वरची टाकी किती मजले वर आहे?"

पाऊण तास गेला. त्यांनी यंत्र घेतलं. एक विक्रेता घाईघाईने माझ्याकडे आला आणि आदराने म्हणाला, "मॅडम, आप कौनसे ब्रांच से आए?"

लेक लांब उभी राहून हसत होती. मी पर्स सावरली, त्याला सांगितलं की मी आपली फ्रीज बघायला आले आहे, आणि त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली.