हरिओमचा ‘तर’

हरिओमशिवाय तीर्थपुरीत लग्नं लागत नसत असं नाही. पण ती नीट लागली का, याची लोकांना शंका राहायची. तो पाचवीत असताना झेंडावंदनाला गुरुजींना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी माईक समोरच्या पोराच्या हाती दिला. तो त्याने परत केलाच नाही.

जमलेल्या माणसांची नावं घ्यायची, हे हरिओमचं काम. एखाद्या मामाचं नाव राहिलं तर मामा न जेवता उठतो आणि दोन घरांत भिंत उभी राहते, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून तो कुणालाच सोडत नसे. मंडपवाल्यालाही नाही.

पुढे तो जालन्याला विद्यापीठात आला आणि विद्यापीठाचे व्हिडिओ करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटात निवेदक झाला. त्याच दिवशी त्याने आईला, दैवशालाबाईला, फोन केला. “आई, आता विद्यापीठाच्या व्हिडिओत माहा आवाज येनार.” दैवशालाबाईने ही बातमी गिरणीत सांगितली. गावात आणखी कुणाला सांगायची गरज उरली नाही.

गटात व्हिडिओ कापायचं काम गंधालीकडे होतं. तिचं घर जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावर, कात्री घरातलीच. रील तीस सेकंदांची, आणि हरिओमचं “ज्ञानगंगेच्या या पवित्र तीरावर उपस्थित असलेले” एवढं होईपर्यंत ती सरत आलेली.

“गंगा कुठंय रे?” गंधाली विचारायची. “हॉस्टेलच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं. तीर कशाचा?”

“पन सुरुवात तं पाह्यजे का न्हाई?”

“सुरुवात संपली की आवाज दे मला.”

वाचनालयाचा पहिला व्हिडिओ आला. पुस्तकांची कपाटं, वाचणाऱ्या मुली, आणि हरिओमच्या सगळ्या निवेदनातला एकच शब्द: “तर”. पुढे बासरी.

दैवशालाबाई मोबाइल कानाला लावून तो पुन्हा पुन्हा ऐकायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानालाही लावायची. “ह्यो ‘तर’ माह्या हरिओमचाय.” शेजारच्या रखमाजीनेही ऐकला. “वहिनी, एवढा खर्चा करून पोरगं ‘तर’पर्यंतच पोचलं का? पुढचं पुढच्या साली शिकवतेत काय?”

हे हरिओमला कळलं. त्याला हसू आलं नाही. कापलेले शब्द जातात कुठे, हा विचार त्याच्या मागे लागला. गंधालीच्या लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात कचऱ्याची एक पेटी होती. आपली अख्खी ज्ञानगंगा त्या पेटीत साचली आहे आणि तिच्या काठावर जगातले सगळे न जेवलेले मामा बसले आहेत, असं त्याला वाटे.

प्रवेशाच्या जाहिरातीचा मोठा व्हिडिओ ठरला तेव्हा तो गंधालीला म्हणाला, “माहं एक पूर्ण वाक्य ठेव. गावात लोकं आईला हसू राह्यले.”

“तू एक पूर्ण वाक्य बोल. ठेवते. शब्द दिला.”

त्याने वाक्य घोटलं: “जालन्यात शिका, जालन्याला मोठं करा.” आणि ते स्वतःच्या कानांनी ऐकायला आईला बोलावून घेतलं. दैवशालाबाई फडक्यात भाकरी-ठेचा बांधून सकाळच्या एसटीने आली आणि कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिली.

गंधालीने कॅमेरा सुरू करून खूण केली. हरिओमने समोर पाहिलं. समोर आई, तिच्या बाजूला फाटकावरचे त्रिंबककाका, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या साखराबाई. जमलेली माणसं पाहिली आणि त्याची जीभ जुन्या वाटेला लागली.

“उपस्थित मान्यवर, आदरणीय त्रिंबककाका...”

दैवशालाबाईला राहवेना. पोराचं गाजलेलं काम हे नव्हेच! ती मागून खच्चून ओरडली, “आरं, तर म्हन की! तुहा तर म्हन!”

“आई, गप बस की!”

“काहून गप? समद्या गिरनीनं ऐकलाय. म्हन, लाजू नको!”

गंधालीच्या हसण्याने कॅमेरा हलत होता. पण तिने तो बंद केला नाही.

व्हिडिओ तसाच गेला आणि जिल्हाभर पोचला. फाटकासमोरचे रिक्षावाले ‘तर म्हन की’ ओरडून सवारी बोलवू लागले. कार्यालयातून विचारणा झाली, या मॅडम कोणत्या विभागाच्या?

“माहं वाक्य कुठंय?” हरिओमने गंधालीला विचारलं.

“आहे की. ‘आई, गप बस की.’ बिलकुल पूर्ण वाक्य आहे. मराठीच्या सरांना दाखव.”

लग्नसराईत रखमाजी नातीच्या, छकुलीच्या, लग्नाची सुपारी घेऊन आला. हरिओम हात पुढे करून उठला. “तू बस,” रखमाजी म्हणाला. “माईक वहिनी धरतेत.”

मंडप भरला. दैवशालाबाईने माईक तोंडाशी नेला आणि म्हणाली, “तर...” टाळ्या, शिट्ट्या. मग तिला पुढचं काही सुचेना. तिने माईक मुलाच्या हातात ठेवला.

हरिओमने घसा साफ केला. मग मामा, मावसे, आत्यांचे दीर, मंडपवाला, आचारी, एकेकाचं नाव घेतलं. मध्ये कापायला कुणी नव्हतं. फक्त रखमाजीचं नाव त्याने शेवटाला ठेवलं, आणि तोवर रखमाजी पंगतीच्या कडेला उभा होता. त्याला नावाशिवाय बसवतही नव्हतं, नातीचं लग्न सोडून जाववतही नव्हतं.