ताईंची कॉलर

नणंदेचं कौतुक करणारी वहिनी सहसा कुणी बघितलेली नसते. मी करते, आणि कुणी नाक मुरडलं तर दुप्पट करते. आमच्या ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीत नर्स. अख्खी नोकरी त्यांनी लोकांना सुया टोचण्यात घालवली, तरी रस्त्यात त्यांना बघून पोरं पळत नाहीत. उलट लांबून हाक मारतात, "गाढवताई!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या पोराचा कानच धरला होता.

मग ताईंनीच खुलासा केला. काही मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. औषध दाट, सुई जाड, आणि दुखतं म्हणजे दुखतंच. बाकीच्या नर्स म्हणायच्या, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल." ताईंना असल्या थापा जमत नाहीत. त्या सांगायच्या, "गाढवाने लाथ मारल्यासारखं दुखणार आहे. पण गाढव एकच, आणि लाथही एकच." मग औषधाची बाटली मुठीत धरून बसायच्या, कारण गार औषध जास्त दुखतं. बाटलीला ऊब येईपर्यंत पोराशी गप्पा, आणि नंतर अगदी सावकाश औषध आत. बाहेर रांग कुरकुरायची. कुरकुरू दे.

ताईंच्या गणवेशाला कायम गळ्यापर्यंत बंद कॉलर. उकाड्याने जीव जात असला तरी वरचं बटण निघायचं नाही. आत छातीवर उभा व्रण आहे. लहानपणी त्यांचा घसा दुखला, गुळण्या केल्या, बरा झाला, सगळे विसरले. काही आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा सुजला. सासूबाईंना वाटलं, वाढीचं दुखणं असेल, त्या तेल चोळत राहिल्या. त्या बिचारीला काय कल्पना की आत हृदयाची झडप खराब होतेय! तरुणपणी जिना चढताना ताईंना धाप लागायला लागली आणि शेवटी छाती उघडून कृत्रिम झडप बसवावी लागली. घर शांत असलं की ती ऐकू येते, टिक, टिक. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सुरुवातीला मी भिंतीवर घड्याळ शोधत होते.

आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या मुलीला हाच आजार झाला. पण तिचा वेळेवर कळला आणि झडपेला थोडीशीच इजा झाली होती. असा घसा पुन्हा धरला तर झडप कामातून जाईल, म्हणून इंजेक्शन चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोरगी ताईंकडे नेमाने यायची. एकदा ताई सुट्टीवर असताना नव्या नर्सने गार औषध झटकन टोचून टाकलं, वर "मुंगी चावेल" हेही सांगितलं. मुलगी लंगडत घरी गेली ती पुन्हा फिरकलीच नाही.

पुढचं इंजेक्शन चुकलं तशी ताईंना घास गोड लागेना. "तिचा घसा आज दुखेल की उद्या, कुणाला ठाऊक?" एवढंच घोकत बसायच्या. एका सकाळी गणवेश चढवून कामावर निघताना मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला कोट शिवायचाय ना? चला."

"कुठला कोट?"

"असेल कुठला तरी. चला म्हणते ना."

दुकानात खडूची पूड, चिंध्या आणि गरम इस्त्रीचा वास. मुलगी कोपऱ्यात बसून कच्चा टाका उसवत होती. ताईंना बघितलं तशी मान खाली घातली.

शिंपी म्हणाला, "ताई, पोर ठणठणीत आहे. घसा दुखत नाही, गुडघे दुखत नाहीत. मग उगाच कशाला भोसकायचं?"

"घसा दुखायची वाट बघायची नसते," ताई म्हणाल्या. "त्या जंतूंच्या अंगावरचा काही भाग आपल्या हृदयातल्या भागाशी मिळताजुळता असतो. शरीर जंतूंना मारायला निघतं आणि ओळखण्यात चुकतं. जंतू मरतात, घसा बरा होतो, पण शरीर थांबत नाही. आपल्याच झडपेवर तुटून पडतं."

शिंप्याची कात्री थांबली. "म्हणजे जादा अस्तर कापायला जावं आणि खालचं चांगलं कापड कापलं जावं, तसं?"

"अगदी तसं. आणि हे कापड बाजारात मिळत नाही."

मुलगी मात्र फणकारली, "मी नाही येणार. त्या बाई मुंगी म्हणाल्या. खोटं बोलल्या."

ताईंचा हात कॉलरकडे गेला आणि वरची बटणं निघाली. इतकी वर्षं मी या घरात आहे, परक्यासमोर त्यांनी असं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शिंप्याने पाठ फिरवली, कात्री आवाज न करता खाली ठेवली. ताई मुलीला म्हणाल्या, "ये, कान लाव."

तिने कान लावला आणि डोळे मोठे केले. "हे तुमच्या आत वाजतंय?"

"माझ्या वेळी मला गाढव मिळालं नाही, म्हणून हे घड्याळ मिळालं. तुला काय हवंय ते तू सांग."

मुलीने बराच विचार केला. "गाढव. पण लाथ तुम्हीच मारायची. आणि तुम्ही सुट्टीवर गेलात तर?"

या प्रश्नावर ताईंनी जे केलं त्याचा मला फार अभिमान आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या नर्सला न रागावता शेजारी बसवलं आणि बाटली तिच्या मुठीत दिली. आज त्या खोलीत प्रत्येक नर्स औषध ऊब येईपर्यंत हातात धरते. मुंगीचं नाव कुणी काढत नाही.

मुलगी मोठी झाली, बापाशेजारी मशीनवर बसायला लागली. त्यानंतर एकही इंजेक्शन तिने चुकवलं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झडप जशी होती तशीच आहे, आता इंजेक्शन बंद. ती तिथून थेट आमच्याकडे आली, आमचे सगळे जिने पळत चढून. हातात कापडाची घडी होती. ताईंचं घडीकडे लक्षच नव्हतं, त्या तिच्या छातीकडे बघत होत्या.

"बोल काहीतरी," ताई म्हणाल्या.

"काय बोलू? तुमच्यासाठी नवा गणवेश शिवलाय," ती एका दमात म्हणाली. धाप नाही की काही नाही. ताई मटकन खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मीही रडले, त्यात लपवायचं काय!

मग घडी उघडली. ताईंनी उलटसुलट करून बघितलं. "अगं, कॉलर विसरलीस."

"विसरले नाही," पोरगी म्हणाली.

मला वाटलं, ताई आता वरून ओढायला काहीतरी मागतील. त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. सकाळी उठून बघते तर तोच गणवेश घालून, व्रण उघडा ठेवून, चपला शोधत होत्या.