माक्याचं तेल आणि सेवबंदी

मध्यभारत राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या मुलींच्या एका शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. वय तेवीस, आणि केस निम्मे पांढरे. पहिल्याच आठवड्यात फाटकापाशी एका मुलीच्या आईने मला विचारलं, "नातीला घ्यायला आलात का? कितवीत आहे?"

"चौथीत," म्हटलं आणि चौथीच्या वर्गावर शिकवायला गेले. घरी येऊन मात्र रडले.

आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात बाबा आणि मी. बाबा आधी संस्थानाच्या कचेरीत कारकून होते, आता नव्या राज्याच्या, टेबल तेच. माझं रडणं त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला तुकोगंजात एका वृद्ध वैद्यांकडे घेऊन गेले.

वैद्यजींनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, खाण्यापिण्याचं विचारलं. "पित्त वाढलंय. पांढरे झाले ते काळे होतील, असं मी म्हणणार नाही. काळे आहेत ते टिकतात का, पाहू." मग त्यांनी उपचार सांगितले. माक्याच्या रसात कढवलेलं तिळाचं तेल डोक्याला, रोज आवळ्याचं चूर्ण, सकाळी नाकात तुपाचे दोन थेंब. तिखट, आंबट, खारट बंद.

"आणि सेव?" मी भीतभीत विचारलं.

"सेव तो बिलकुल नहीं!"

ज्या इंदुरात जेवणातही शेव लागते, तिथे राहून सेव सोडायची! रस्त्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "तू एकटी फिकं का खाशील? मी पण सोडतो."

माका ताजाच हवा होता. रविवारी बाबा सर्व्हिस मोटारने जवळच्या सिमरोल गावाला गेले आणि शेताच्या पाटाकडेचा माका पिशवी भरून घेऊन आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. आम्ही तो पाट्यावर वाटला, रस काढला आणि लोखंडी कढईत तेलाबरोबर चढवला. दुपारभर घरात ओल्या गवताचा वास होता.

तीन महिने गेले. एका शनिवारी शाळा लवकर सुटली, म्हणून आवळ्याचं चूर्ण आणायला मी सियागंजात गेले. शेजारच्याच दुकानात लवंग घातलेल्या सेवेचा ताजा घाणा निघत होता. पाय आपोआप तिकडे वळले.

"भिया, छटाकभर देना," मी म्हटलं, आणि बाकावरच्या गृहस्थांनी दचकून मान वर केली. बाबा! हातात कागदाचा पुडा, मिशीत सेव.

"तू इथे कशी?"

"चूर्ण घ्यायला. तुम्ही?"

"कचेरीच्या कामाने," म्हणाले, आणि त्यांनाच हसू आवरेना. मग बाकावर जरा सरकून मला जागा करून दिली. "पहिल्यांदाच आलीस?"

"तिसऱ्यांदा."

"मी दर शनिवारी येतो."

वैद्यजींना आम्ही खरं ते सांगून टाकलं. तेही हसले. "चलो, शनिवार माफ. बाकीचे सहा दिवस पाळा."

ते आम्ही दोघांनी पाळले. पांढरे केस पांढरेच राहिले आणि काळेही हळूहळू त्यांना जाऊन मिळाले. पण माझी रोजची डोकेदुखी थांबली आणि बाबांची छातीतली जळजळ गेली. पुढच्या वर्षी बड्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला शाळेतला सर्वांत मोठा वर्ग दिला. पांढऱ्या केसांना मुली दबतील, असा त्यांचा हिशेब. मुली मुळीच दबल्या नाहीत. पण मधल्या सुटीत त्या माझ्याभोवती गोळा होऊ लागल्या, आणि मला शाळेत जायची घाई होऊ लागली.