गिरदावराची जीभ

काशिनाथ गेल्याची बातमी मला नळदुर्गच्या बाजारात कळली. कांदे निवडत होतो. ओळखीचा कांदेवाला म्हणाला, "गिरदावरसाहेब गेले म्हनं काल, धाराशिवला. सोळा आनं मानूस." वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्याच्या क्षणभर आधी पोटात काहीतरी जळलं... मेल्यावरसुद्धा सोळा आणे यालाच. आता महिना झाला. लिहायला बसलोय तर ते जळणं आधी सांगून टाकतो, कारण आमची मैत्री बरीचशी त्याच्यावरच चालली.

निजामाच्या राज्यात काशिनाथ गिरदावर होता आणि मी वकील. शिवारात हिंडून पिकाची आणेवारी ठरवणं हे त्याचं काम. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, चार आणे म्हणजे दुष्काळ. ही सवय त्यानं जगातल्या सगळ्या वस्तूंना लावली होती. चहा नऊ आणे, कीर्तन सहा आणे, माझं कोर्टातलं बोलणं साडेसात. तेव्हा नळदुर्गला आबकारीचे एक साहेब होते, हैदराबादचे, एकटे आणि गप्पिष्ट. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. विलायती बाटली मिळणं मुश्कील, आणि मिळाली तरी ती खरी असेलच असं नाही. सिकंदराबादच्या छावणीतून त्यांच्याकडे अधूनमधून एखादी यायची, बारा वर्षं लाकडी पिंपात मुरलेली, निरनिराळ्या भट्ट्यांची मिसळून केलेली स्कॉच. मग संध्याकाळी आम्हा दोघांना निरोप. साहेब गंभीरपणे विचारायचे, "बोलो गिरदावर, कित्ते आने?" मला त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि कळत तर मलाच होतं. पहिल्या घोटाला हुरड्याच्या आगटीचा धूर, मागून काहिलीच्या कडेला करपलेला गूळ, आणि गिळल्यावर बराच वेळ जुन्या सागवानी पेटीचा वास... हे सगळं माझ्या जिभेवर असायचं, पण मी शब्द जुळवेपर्यंत काशिनाथ बोलून मोकळा. पेला हातात धरून तो आधी मला म्हणायचा, "तू घे." मला वाटायचं, हा राजा आणि मी त्याचं ताट चाखणारा नोकर. माझा घोट झाला की तो घ्यायचा, डोळे बारीक करायचा. "चौदा आनं. दोन कापलं, का ते इचारू नका." साहेब खूश. "जबान है कि तराजू," म्हणायचे. आणि चडफडत का होईना मला पटायचं, की होय, चौदाच. एकदा कुणीतरी नुसतं रंगवलेलं पाणी खपवलं, तर हा म्हणाला, "दोन आनं, ते बी बाटलीचं."

पुढं साहेबांनी त्याला एकट्याला हैदराबादला न्यायचं ठरवलं, तिथल्या एका नवाबाच्या बाटल्या पारखायला. त्या संध्याकाळी मी दगड होऊन बसलो. घोट घेतला, पण तोंडावरची रेघ हलू दिली नाही. काशिनाथनं पेला फिरवला, दोनदा चाखला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आज न्हाय सांगता येत, साहेब. जीभ साथ देईना." मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तर साहेब मलाच म्हणाले, "देखो वकीलसाब, ईमानदारी इसकू बोलते." घरी येऊन मी न जेवता झोपलो. हैदराबादला काशिनाथ गेलाच नाही, पोटदुखीचं निमित्त काढलं. मला वाटलं, माज आलाय.

शेवटची भेट धाराशिवला त्याच्या घरी झाली. खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी म्हटलं, "काशिनाथ, आता तरी सांग. इतकं अचूक कसं यायचं तुला?"

"मला कुठं काय यायचं?" तो हसला. "नोकरीच्या पैल्याच साली विषमज्वर झाला, तवाच नाक गेलं, वास येईना. तिखट अन् खारट तेवढं कळतंय. बाकी सगळी माती. घरात बी कुणाला बोललो न्हाय."

"मग आणे?"

"तुझ्या तोंडावरून. वाईट असली की तू माझ्याकडं बघून हसायचास. बरी असली की पेल्यात बघायचास. अन् लई चांगली असली की माझ्याकडं असं बघायचास, जसं काय म्या तुझं शेत दाबलंय. जेवढा जळायचास तेवढं आनं." मग म्हणाला, "त्या दिवशी तू तोंड मिटलंस अन् माझं दुकान बसलं."

जीभ माझीच होती, हे कळल्यावर जळणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही, उलट वाढलं. मला बाटली कळत होती, त्याला मी कळत होतो. आणि इतकी वर्षं शेजारी बसून त्याचं नाक गेलेलं मला कळलं नव्हतं.

परवा जावयानं मुंबईहून एक बाटली आणली. दोघं बसलो. धूर होता, गूळ होता, आणि घोट उतरल्यावर ती सागवानी पेटीही आली, कितीतरी वर्षांनी. काशिनाथच्या आण्यांचं माझ्याकडून ऐकलेले जावई म्हणाले, "मामा, किती आणे?" मी सवयीनं डावीकडं, काशिनाथ बसायचा तिकडं, रागानं बघितलं. तिथं भिंत होती. जावई वाट बघत राहिले आणि मला आकडा सांगता येईना.