पंच म्हणून अण्णा

गुन्हेगारीशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा घरात दोन मतं होती. आईला वाटायचं मी फौजदार होणार. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटायचं मी काहीच होणार नाही. "चोराचिलटांचं शिकून पोरीला काय करायचंय?" असं म्हणत ते आईच्या हट्टापुढं नमले, पण अट घालून. एक वर्ष बघायचं. पटलं तर दुसरं, नाहीतर शेंद्र्याला ते ज्या कंपनीत शिफ्ट करतात तिथल्याच ऑफिसात चिकटायचं. मला ते ऑफिस नको होतं. आमच्या करमाडहून शहरात रोज ये-जा करूनही मी वर्गात पहिल्या बाकावर असायचे, आणि जरा मिरवायचेही. खोटं कशाला सांगू?

वर्ष संपत आलं आणि पंचनाम्याचं प्रात्यक्षिक आलं. घटनेच्या जागी जे दिसतं ते दोन पंचांसमोर लिहून काढायचं आणि त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. सरांनी विभागाच्या अडगळीच्या खोलीत चोरी झालेलं घर मांडलं होतं. उघडं कपाट, उलटी खुर्ची, जमिनीवर विखुरलेले कपडे. एक पंच म्हणून विभागातले शिपाईमामा सगळ्यांनाच होते. दुसरा ज्याचा त्यानं बाहेरून आणायचा होता.

मी अण्णांना आणलं. आमचं शेत जालना रोडला लागून आहे, त्यामुळं अपघात झाला की पोलीस त्यांनाच हाक मारायचे. हे काम त्यांना नवं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. आपली पोरगी किती हुशार आहे, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

"वडील आणलेत?" सर हसले. "नात्यातला पंच म्हणजे लेक म्हणेल तिथं सही करणार. बरं, आज चालवून घेऊ."

मी झरझर दोन पानं लिहिली. शिपाईमामांनी न वाचता सही ठोकली, कारण त्यांची ती दिवसातली नववी होती. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, काच पुसली आणि एकेक ओळ बोटाखाली धरून वाचायला लागले. मागं मुलं खोळंबली होती. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"ह्याच्यावर मी नाय सही करणार."

"का?"

"चोरट्यानं खिडकीची काच फोडून आत प्रवेश केला, असं लिवलंय तू. त्याला येताना बघितलं का?"

"अण्णा, काच फुटलेली दिसतीय ना!"

"मग काच फुटलेली हाय, एवढंच लिही. बाकीचं तुझ्या मनातलं हाय."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मला इतका राग आला, की कागद हिसकावून घ्यावासा वाटला. गुण तर जाणारच होते, पण ज्यांना दाखवायला हे सगळं केलं त्यांनीच चारचौघांत माझी चूक काढली होती. आता ऑफिसच, असं मी मनाशी धरून टाकलं.

अण्णा माझ्याकडं न बघता सरांना म्हणाले, "साहेब, लई वर्सांमागं एका अपघाताच्या कागदावर म्या न वाचता सही केली व्हती. कोर्टात वकिलानं इचारलं, ट्रक कोणत्या बाजूला व्हता? कागदावर एक, मी सांगितलं दुसरंच. वकील म्हणाला, सही तेवढी येती व्हय, वाचता नाय येत? समदे हसले. तवापासून वाचल्याबिगर सही नाय."

हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी लाज आली. मी ती ओळ खोडली, खोडलेल्या जागी सही केली, खिडकीपाशी जाऊन नीट बघितलं आणि लिहिलं: खिडकीची डावीकडची काच फुटलेली आहे. काचेचे तुकडे आत किंवा बाहेर दिसत नाहीत. अण्णांनी तेही वाचलं. मग सावकाश, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत सही केली.

सर्वांचं झाल्यावर सरांनी सांगितलं, "ती काच मी या विभागात आलो तेव्हापासून फुटकी आहे. चोरीशी तिचा काडीचा संबंध नाही." वर्गातल्या बहुतेकांचा चोर त्याच खिडकीतून आला होता. मग ते अण्णांकडं वळले. "काका, शब्द मागं घेतो. इतका परका पंच मी अजून बघितला नाही."

मुकुंदवाडी स्टेशनावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो होतो. दुसऱ्या वर्षाचं काय, हे विचारायचं मी टाळत होते. वर्ष संपलं होतं आणि उत्तर ऐकायची मला भीती वाटत होती. गाडी लांबून दिसायला लागली तसे ते उठले, चष्मा खिशात ठेवला.

"दुसऱ्या वर्साला बी असं पंच लागत्यात का?"

"लागतात, अण्णा."

"मग आठ दिस आधी सांगत जा. शिफ्ट बदलून घ्यावी लागती."