अन्सारभाईंनी सांगितलेली खोड

अन्सारभाई जळके आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एरवी माणूस लाखात एक. नेरच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यानं जळालेली पाण्याची मोटर आज टाकली की उद्या संध्याकाळी ती पाणी ओढायला तयार. पण दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्यांना बघवत नाही. त्यांची बायको बिस्मिल्लाबी तोंडावर म्हणते, "मोटर कम जलती, तुम ज्यादा जलते."

दुकानामागे पत्र्याचं शेड आहे आणि तिथं सरकी ठासून भरलेलं पोतं टांगलंय. बावीस वर्षं अन्सारभाई त्या पोत्यावर पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतात, तेही फुकट. ते स्वतः कुणाकडून शिकले म्हणाल, तर थेट मुहम्मद अलीकडून. म्हणजे तरुणपणी हाती लागलेल्या एका व्हिडिओ कॅसेटवरून, जी त्यांनी फीत घासून जाईपर्यंत बघितली. शेडच्या भिंतीवर जॅक जॉन्सन आहे, जो लुई आहे, फ्रेझर आहे, मेरी कोम आहे, आणि पोत्यावर हात चालवणाऱ्या प्रत्येकाला यांच्या गोष्टी ऐकाव्याच लागतात. गोऱ्यांची मक्तेदारी मोडून काळा जॉन्सन हेवीवेट चॅम्पियन कसा झाला, लेकरं झाल्यावरही मेरी परत जगज्जेती कशी झाली. पण गाडी फिरून फिरून अलीवर येणार. अलीनं अवजड गड्यांच्या खेळात नाच आणला, म्हणून सारं जग त्याची नक्कल करायला लागलं, असं अन्सारभाई सांगतात आणि स्वतः नाचून दाखवतात.

आता अली हात खाली सोडून खेळायचा आणि ठोसा आला की मान मागे घ्यायचा. त्याला ते जमायचं, कारण तसे पाय आणि तशी नजर त्याच्याकडे होती. पण हे कॅसेटमध्ये कुणी सांगत नाही. अन्सारभाईंनी पोरांना तेच शिकवलं. त्यांची पोरं डावा ठोसा मारला की डावा हात गालाशी परत आणत नाहीत, कमरेपाशी सोडून देतात. पंच लोक लांबून बघून सांगतात, हे नेरचं पोर. अन्सारभाईंना त्याचा अभिमानच होता.

सुरभी त्यांच्याकडे अकराव्या वर्षी आली. बाप किसनराव मोटर घेऊन आले होते. मोटर होईस्तोवर पोरगी मागे गेली आणि तिनं पोत्याला असा ठोसा हाणला की अन्सारभाईंच्या हातातली पक्कड खाली पडली. सहा वर्षं त्यांनी तिला घडवलं. पहाटे तिच्यासोबत सायकलवर बाभुळगावच्या रस्त्याला जायचे, ती पळायची आणि हे मागून ओरडायचे. स्वतःच्या पोरांसाठी त्यांनी एवढं केलं नव्हतं.

आणि दीड वर्षापूर्वी ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली. "चाचा, मी यवतमाळले अंकुर सरांकडे चालली. तिथं खरी रिंग हाय."

अंकुर सर म्हणजे पतियाळाला कोचिंगचा डिप्लोमा केलेला तिशीतला पोरगा, गळ्यात शिट्टी, अंगात नवाकोरा ट्रॅकसूट. अन्सारभाईंनी पेढा खाल्ला, डोक्यावर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. पेपरात सुरभीचा फोटो आला, खाली 'अंकुर सरांची शिष्या'. त्या दिवशी त्यांनी एका मोटरीत दोनदा उलटी तार भरली. अलीची सायकल चोरीला गेली, तेव्हा रडणाऱ्या बारा वर्षांच्या पोराच्या हातात ग्लोव्हज घातले ते जो मार्टिन नावाच्या पोलिसानं. पुढे नाव झालं कुणाचं? नंतर आलेल्या कोचचं, अँजेलो डंडीचं. ही गोष्ट अन्सारभाई आता रोज सांगायचे, आणि डंडीचं नाव आलं की थुंकायचे. आयत्या बिळावर नागोबा!

यंदा डिसेंबरात यवतमाळला निवडीच्या लढती होत्या. जिंकेल ती राज्य स्पर्धेला. अन्सारभाई बायकोला तार आणायला जातो म्हणाले आणि सरळ हॉलवर गेले. सुरभी हरावी, अशी त्यांची इच्छा होती. मनात तसं स्पष्ट म्हणवत नव्हतं एवढंच.

हॉलबाहेर चहाच्या टपरीवर तारिक भेटला. तो मारेगावचा कोच, जुना दोस्त. तरुणपणी दोघांनी एकमेकांची नाकं फोडलेली. सुरभीची लढत त्याच्याच शिष्येशी, जेबाशी होती.

"तुही पोरगी लय जोरात हाय म्हणते," तारिक म्हणाला.

"माही काहून? आता ते अंकुर सरची हाय."

तारिक हसला. "मंग सांग ना, तिची खोड काय हाय? तुले त माहीत असन."

हे तारिकनं गमतीनं विचारलं होतं. कोच लोक एकमेकांना असं विचारतातच, आणि समोरचा काहीतरी थाप मारतो, हाही रिवाजच. अन्सारभाईंनी कपातला चहा संपवला. आत माईकवर अंकुर सरांचं नाव कुणीतरी आदरानं घेत होतं.

"डावा मारला की हात खाली सोडते," ते म्हणाले. "गाल उघडा पडते. तवाच उजव्यानं घुसाचं. जेबाले सांग, वाट पाय, घाई नोको करू."

सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. लाजही वाटली, पण हलकं आधी वाटलं.

लढत सुरू झाली. सुरभीनं डावा मारला. जेबा वाट बघतच होती. ती उजवा हात घेऊन घुसली. पण सुरभीचा डावा हात गालाशी होता. जेबाचा ठोसा त्यावर आदळला, आणि सुरभीचा उजवा तिच्या तोंडावर बसला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. तारिक कोपऱ्यातून ओरडत होता, "येईन, हात खाली येईन, घूस!" आणि ती बिचारी गुरूचं ऐकून दर वेळी घुसत होती आणि मार खात होती. दुसऱ्या राउंडमध्ये पंचानं जेबासमोर आठपर्यंत आकडे मोजले. तिसरा राउंड संपला तेव्हा पाचही पंचांचा कौल सुरभीकडे गेला.

अन्सारभाई खुर्चीत बसून राहिले. सहा वर्षांत त्यांनी त्या पोरीच्या हाताला जे लावलं होतं, ते अंकुरनं दीड वर्षात पुसून टाकलं होतं. ती जिंकली याचं दुःख कमी होतं. जिंकणाऱ्या त्या पोरीत त्यांचं काहीच दिसत नव्हतं, हे जास्त झोंबलं.

तेवढ्यात तारिक आला आणि सगळ्यांदेखत त्यानं त्यांना मिठीच मारली. "वा रे उस्ताद! तिकडं बसून बी पोरीची लढत तूच खेळला. असं तोंड करून सांगतलं की मी फसलो ना राजेहो!"

आजूबाजूचे हसले. अंकुर सर धावत आले आणि वाकून पाया पडले. "सर, तुमचे उपकार. ती खोड काढायला मला आठ महिने लागले, आणि तुम्ही तिचंच जाळं केलं." जन्मात पहिल्यांदा कुणीतरी अन्सारभाईंना सर म्हणालं होतं. अंकुरनं त्यांना हाताला धरून आत नेलं आणि सुरभीला सगळं सांगितलं.

सुरभी बाकावर बसली होती. तिनं दोन्ही हात पुढे केले, पट्ट्या सोडवायला. अन्सारभाई समोर बसले आणि उजव्या हाताची पट्टी उलगडायला लागले. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मले वाटे, मी गेली म्हणून तुम्ही माह्यावर नाराज हा. अन् तुम्ही माह्यासाठी दोस्ताशी खोटं बोलले, चाचा."

आता गप्प राहिले असते तर सगळंच पदरात होतं. मान, पोरगी, अंकुर सरांचा नमस्कार. अन्सारभाईंची बोटं पट्टीवर थांबली.

"खोटं नाही बोललो, बेटी," ते म्हणाले. "मले वाटलं, तू अजून हात खाली सोडत असशीन."

सुरभीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं हात हळूच मागे घेतला, आणि उरलेली पट्टी दातांनी धरून स्वतःच सोडवायला लागली.