चार नंबरची खिडकी

ह्यांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं होऊन गेली होती आणि आमच्या लग्नाला जेमतेम एक. ह्यांची कचेरी एस्प्लनेडजवळ होती. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना घरासाठी जागा देण्याचं काम तिथून चाले. आम्हाला बिऱ्हाड मिळालं बालीगंजमध्ये, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. खाली घरमालक राहत. ते शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगा नोकरीसाठी दिल्लीला. सगळी गल्ली त्यांना मास्टरमोशाय म्हणे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

मास्टरमोशाय एक पाक्षिक काढत. चारच पानं, तीही कधी पिवळट तर कधी करड्या कागदावर, जसा मिळेल तसा. घराची पुढची खोली हीच त्याची कचेरी. एक टेबल, दोन कपाटं आणि जमिनीवर रचलेले जुने अंक. छापखाना दोन गल्ल्या सोडून होता. रेल्वेलाइनीच्या पलीकडे निर्वासितांनी बांबू आणि पत्र्यांची घरं उभारली होती, त्या वस्त्यांतली माणसं हे या पत्राचे वाचक. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे भोवती बसत. कुठला नळ बिघडलाय, देवी टोचणारा कधी येणार, कुठल्या शाळेत जागा आहेत, असल्या बातम्या त्यात असत. दुसऱ्या पानावर मात्र सरकारी नोटिसा असत, सोप्या बंगालीत. मूळ नोटिसा निघत इंग्रजीत, आणि ज्यांच्यासाठी निघत त्यांतल्या फारच थोड्यांना इंग्रजी येई.

मास्टरमोशायांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एके दिवशी जिन्याखाली उभे राहून त्यांनी मला हाक मारली. घरच्या सुनेला म्हणतात तसं ते मला 'बौमा' म्हणत. हातात एक बारीक अक्षरातली नोटीस होती. ही जरा वाचून दाखवता का, असं त्यांनी विचारलं. मी पुण्याला इंटरपर्यंत शिकलेली. घरात दोन माणसांचा स्वयंपाक, तो दहा वाजता आटपे, आणि मग दिवसभर गॅलरीत बसून ट्रामची घंटा ऐकायची. मी लगेच खाली गेले.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. नोटिशीतलं एक लांबलचक वाक्य मला काही केल्या उलगडेना. मास्टरमोशाय शांतपणे म्हणाले, "चेष्टा करा, बौमा." मला ते फार लागलं. एवढा वडीलधारा माणूस, आणि मी कुणाची चेष्टा करू म्हणतात हे? संध्याकाळी ह्यांना सांगितलं तेव्हा हे पोट धरून हसले. बंगालीत चेष्टा करणं म्हणजे प्रयत्न करणं, हे मला तेव्हा कळलं.

मग रोजचाच परिपाठ झाला. सकाळची कामं उरकून मी खाली जाई. मी इंग्रजी वाचायचं, तोडक्यामोडक्या हिंदी-बंगालीत अर्थ सांगायचा, आणि ते लिहायचे. त्यांची एक सवय होती. वाक्य लिहून झालं की ते मोठ्याने म्हणून पाहत आणि विचारत, हे ऐकून माणसाला कळेल का, कुठे जायचं, कधी जायचं, काय घेऊन जायचं? नाही कळलं तर खोडून पुन्हा लिहीत. एका नोटिशीला कधीकधी दोन दिवस लागत. सहा-सात महिन्यांत मी बंगाली अक्षरं शिकले आणि प्रुफंही बघू लागले. फक्त आकड्यांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, कारण ट्रामवर, नोटांवर, घड्याळात सगळीकडे इंग्रजी आकडे असत.

त्याच सुमारास एक मोठी नोटीस निघाली. वस्तीत राहणाऱ्यांनी जागेसाठी छापील फॉर्म भरून अर्ज करायचे होते. फॉर्म ह्यांच्याच कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर मिळणार होते, आणि मुदत फक्त महिनाअखेरपर्यंत होती. प्रूफ आलं तेव्हा मास्टरमोशायांच्या डोळ्यांना फार त्रास होत होता. दुसरं पान तुम्हीच बघा, असं त्यांनी मला सांगितलं. खिडकीच्या आकड्यावर शाई जरा पसरली होती. बंगालीतला चार हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्याचा घोटाळा नको म्हणून, मूळ नोटीस पुन्हा न बघताच, मी समासात नीट अक्षरांत लिहिलं, 'आठ'. माझं मलाच बरं वाटलं, काय काळजीने काम करते मी.

अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी हे कचेरीतून आले आणि चहा पिताना म्हणाले की आज आठ नंबरच्या खिडकीवर दिवसभर ही गर्दी होती. ती खिडकी कचेरीतल्याच लोकांच्या पेन्शनच्या कागदांची. माणसं हटेनात, आमच्या पेपरात आलंय म्हणत होती. मी लगेच अंक काढून बघितला. मूळ नोटिशीत चार होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, मग तोंड धुऊन खाली गेले आणि मास्टरमोशायांना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, आकडे तुम्हाला शिकवले नाहीत ही चूक माझी. मग विचार करून म्हणाले, पुढचा अंक निघायला अजून दोन आठवडे आहेत, तोवर थांबता येणार नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी छापखान्यातून एक पानी पत्रक काढून घेतलं. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आमच्या पत्राने खिडकीचा नंबर चुकीचा छापला, लोकांची पायपीट झाली, याबद्दल आम्ही माफी मागतो. खिडकी चार नंबरची आहे. संपादक म्हणून खाली स्वतःचं नाव घातलं. माझं कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पत्रकांचा गठ्ठा घेऊन आम्ही दोघं ट्रामने एस्प्लनेडला गेलो. मास्टरमोशाय छत्री उघडून फाटकापाशी उभे राहिले आणि येईल त्याच्या हातात पत्रक देऊ लागले. मी आत जाऊन आठ नंबरपुढे उभ्या असलेल्या लोकांना चार नंबरकडे पाठवू लागले. त्यांत एक पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी होती. आदल्या दिवशी ती आठ नंबरपुढे चार तास उभी राहून परत गेली होती. ती चूक माझी, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि, "तुझं बंगाली ऐकूनच कळतंय, तू लांबची आहेस," एवढंच म्हणाली. मग माझा दंड धरून चालू लागली, कारण तिला नंबर वाचता येत नव्हते.

चार नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, फॉर्म संपलेत, पुढच्या आठवड्यात या. तिच्या मागच्यालाही तेच, त्याच्या मागच्यालाही तेच. रांगेतला एकजण म्हणाला की आठवडाभर हेच उत्तर मिळतंय. मी दुपारपर्यंत तिथे उभी होते. एकालाही फॉर्म मिळाला नाही.

परतताना ट्राममध्ये मी हे सगळं मास्टरमोशायांना सांगितलं. फॉर्म का संपले असतील, असं त्यांनी विचारलं. मला कारण ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी जेवताना हे वैतागून बोलले होते. फॉर्मचे गठ्ठे गोदामात तसेच पडून होते. ते बाहेर काढायला सही कुणी करायची, यावरून दोन शाखांमध्ये वाद चालला होता आणि कुणीच सही करत नव्हतं.

मी म्हटलं, "मला माहीत आहे. पण ते घरात कानावर आलेलं आहे. मी सांगू शकणार नाही."

"मग सांगू नका," मास्टरमोशाय म्हणाले. "तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलंत, तेवढंच छापू. कारण काय ते त्यांना विचारू."

पुढच्या अंकात पहिल्या पानावर वर पुन्हा आमच्या चुकीची दुरुस्ती आली आणि तिच्याखाली आठ-दहा ओळी. अमुक वारी सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत चार नंबरच्या खिडकीवर एकही फॉर्म दिला गेला नाही, तीन आठवडे हीच स्थिती आहे असं लोक सांगतात, महिनाअखेर जवळ येत आहे. फॉर्म कुठे आहेत, असा आमचा कचेरीला नम्र प्रश्न आहे. यापलीकडे एक शब्द जास्त नव्हता. मी तो अंक ह्यांच्या हातात दिला तेव्हा हे तो दोनदा वाचून, घडी करून खिशात ठेवून गेले.

दोन दिवसांनी साहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं. कुणीतरी त्या ओळींचं भाषांतर करून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले, चहा घेतला. माझा जीव टांगणीला लागला होता. मग हे सांगू लागले. पत्र कोण काढतं, असं साहेबांनी विचारलं होतं. हे म्हणाले, आमचे घरमालक काढतात, आणि माझी बायको त्यांना मदत करते.

"ते कशाला सांगितलंत?" मी विचारलं.

"उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर ती चहाडी झाली असती." थोड्या वेळाने ह्यांनी विचारलं, "गोदामाचं तू त्यांना सांगितलंस का?"

"नाही."

"वाटलंच होतं. ते मी सांगितलं, साहेबांना." कप खाली ठेवत हे म्हणाले, "तीन आठवडे मी ते सांगायला निमित्त शोधत होतो. वरच्यांना डावलून कसं बोलायचं? आज त्यांनीच विचारलं, फॉर्म कुठे आहेत म्हणून."

साहेबांना खरोखरच कल्पना नव्हती. त्याच दिवशी गठ्ठे निघाले आणि मुदतही महिनाभर वाढली. मग साहेबांनी मास्टरमोशायांना भेटायला बोलावलं. हे तिथे हजर होते, म्हणून मला सगळं कळलं. साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले की तुमचं पत्र चांगलं काम करतंय, आम्ही त्याला नियमित जाहिराती देऊ. मास्टरमोशायांनी हात जोडले. जाहिराती नकोत, म्हणाले. मग प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळेल. द्यायचंच असेल तर नोटीस निघण्याआधी आठ दिवस आमच्याकडे द्या, आणि काही अडलं तर विचारता येईल असा एक माणूस नेमून द्या. साहेब थोडे ओशाळले असावेत, पण त्यांनी दोन्ही गोष्टी कबूल केल्या, आणि नेमलं ते ह्यांनाच.

पुढच्या अंकात मास्टरमोशायांनी फॉर्म मिळू लागल्याची बातमी पहिल्या पानावर, प्रश्नाएवढ्याच टायपात छापली. वस्तीतले काही तरुण चिडले. सरकारची एवढी तारीफ कशाला, म्हातारा विकला गेला, असं बोलू लागले. ते दारात येऊन तावातावाने बोलत असताना मी आत बसले होते. मास्टरमोशायांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रश्न मी विचारला होता. उत्तर आलं तर ते दडवू का?" ते तरुण पुढेही वाद घालत राहिले, पण पुढच्या अंकाच्या वेळी त्यांतलेच दोघे गठ्ठे पोचवायला आले.

त्यानंतर नोटिसांचे कच्चे खर्डे ह्यांच्याबरोबर घरी येऊ लागले. साहेबांच्या परवानगीने, तसा शेरा मारून. रविवारी सकाळी हे आणि मास्टरमोशाय पुढच्या खोलीत बसत. मास्टरमोशाय लाल पेन्सिलीने एकेका शब्दाखाली रेघ ओढून याचा अर्थ काय, असं विचारत, आणि सरकारी इंग्रजी कोळून प्यालेले हे डोकं खाजवत बसत. मी वरून पोहे आणून देई आणि दोघांचेही चेहरे बघून मला हसू आवरत नसे. वर्षभरात कचेरी नोटिशीबरोबर बंगाली मजकूरही काढू लागली. तो फार काही सोपा नसे, पण निघे तरी.

त्या म्हातारीला जागा मिळाली, रेल्वेलाइनीपासून बरीच लांब, सखल भागात. तिने आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. मी मासे खात नाही हे तिला आयत्या वेळी कळलं आणि तिची फार धांदल उडाली. शेजारच्या घरून कुणीतरी भोपळ्याची भाजी आणून दिली. ह्यांनी मात्र माशाचे काटे काढायला तिच्याकडूनच शिकून घेतलं आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

चौथ्या वर्षी आमची बदली नागपूरला झाली. निघायच्या दिवशी मास्टरमोशाय हावडा स्टेशनवर आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यांवर जाड भिंगांचा नवा चष्मा होता, आणि डब्यावर चिकटवलेली प्रवाशांच्या नावांची यादी ते आम्हाला मोठ्या हौसेने वाचून दाखवत होते. नागपुरात दर पंधरवड्याला पोस्टाने अंक येत राहिला. मुलं झाल्यावर मला सवड मिळेना, तेव्हा हेच तो अक्षरं लावत लावत मला वाचून दाखवत, मी भाजी चिरत असताना. एके वर्षी अंक यायचे थांबले आणि महिन्याभराने दिल्लीहून त्यांच्या मुलाचं पत्र आलं. वडील गेले, शेवटचा अंक त्यांनी स्वतः तपासला होता, असं त्यात होतं. हे त्या दिवशी कचेरीत गेले नाहीत. आम्ही दोघं अंगणात बसून बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत होतो, बंगालीत.